संगणकाची स्मृती : तिचा वेग आणि तिची वाढ

(पालक-शिक्षक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर, स्मरणिकेसाठी थोडा वाढवून)



बोलण्यासाठी मला जो विषय दिला गेला तो तसा रुक्ष आहे. संगणकाची मेमरी, म्हणजे ज्याला बाजारात सगळे ‘रॅम’ म्हणतात ती, कशी ओळखावी आणि कशी वाढवावी, एवढाच तो विषय. पण त्यामागे एक प्रश्न आहे, आणि तो दर महिन्याला कोणी ना कोणी पालक मला विचारतात. ‘‘सर, मुलीचा कॉम्प्युटर सुरू व्हायलाच दहा मिनिटे लागतात. दुकानदार म्हणतो, हा गेला, नवा घ्या. घ्यायचा का?’’

ज्या घरात महिन्याची मिळकत मोजून येते आणि मोजून जाते, तिथे या प्रश्नाचे उत्तर हलकेपणाने देता येत नाही. मी एकदा दिले होते. ती गोष्ट आधी सांगतो, कारण आजचे व्याख्यान त्या चुकीतूनच जन्मले आहे.

२०१६ सालची हकीकत. माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलीसाठी तिच्या वडिलांनी जुना डेस्कटॉप संगणक घेतला होता. वडील शिलाईकाम करीत. संगणकात मेमरी होती २ जीबी, आणि तो गोगलगायीसारखा चाले. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, ‘‘काळजी करू नका, रॅम टाकू, पळायला लागेल.’’ पैसे त्यांनी दिले, बाजारात मी गेलो. डीडीआर ३ हवी एवढे मला ठाऊक होते. एका ठिकाणी ४ जीबीच्या दोन पट्ट्या फार स्वस्त मिळाल्या. मी पिना मोजल्या, २४० भरल्या. खाच पाहिली, जुळली. घरी येऊन पट्ट्या बसवल्या, त्या बसल्याही. पण बटण दाबले तर पंखा फिरे आणि पडदा काळाच राही. दहा वेळा काढल्या, दहा वेळा घातल्या. शेवटी एका जाणत्या तंत्रज्ञाने पट्टीवरचे लेबल वाचून दाखवले. ती सर्व्हरची मेमरी होती. साध्या संगणकात ती बसते, पण चालत नाही. विकणाऱ्याने परत घेतली नाही. मी पैसे भरून द्यायला गेलो तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, ‘‘सर, तुम्ही मुद्दाम थोडेच केलंत?’’ पैसे मी त्यांना घ्यायला लावले खरे, पण ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. मुद्दाम केले नव्हते हे खरे, पण न जाणता केले होते. आणि शिक्षकाने न जाणता सल्ला देणे ही काही लहान चूक नव्हे.

तेव्हापासून मी हा विषय नीट समजून घेतला. जे समजले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

स्मृती म्हणजे काय?

आपल्या स्वयंपाकघराचे उदाहरण घ्या. भिंतीत फडताळ असते, त्यात डबे असतात. समोर ओटा असतो. स्वयंपाक करणारी व्यक्ती फडताळातून हवे ते काढून ओट्यावर मांडते आणि मग कामाला लागते. संगणकाची हार्ड डिस्क म्हणजे फडताळ, रॅम म्हणजे ओटा, आणि प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारे हात. काम संपल्यावर ओटा जसा पुसून स्वच्छ होतो, तशी वीज गेली की रॅमही कोरी होते. म्हणून जपून ठेवायचे ते फडताळात ठेवावे लागते. त्यालाच आपण ‘सेव्ह करणे’ म्हणतो.

आता ओटा फारच अरुंद असेल तर काय होईल? परात ठेवायला जागा नाही म्हणून पोळपाट उचलून फडताळात ठेवावा लागेल, पोळपाट हवा झाला की परात आत ठेवावी लागेल. हातांचा सारा वेळ मांडामांडीत जाईल. संगणकातही नेमके हेच घडते. रॅम भरली की तो तिच्यातला काही भाग डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तसा परत आणतो. यालाच आपण ‘संगणक अडकला’ म्हणतो.

ही मांडामांड किती महाग पडते याचा हिशोब पाहा. रॅममधून एखादी गोष्ट मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात असे धरू. नॅनोसेकंद म्हणजे एका सेकंदाचा अब्जावा भाग. या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम ३० सेंटिमीटर, म्हणजे एक फूट जातो. अमेरिकन नौदलातल्या विख्यात संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर या आपल्या व्याख्यानांत श्रोत्यांना तेवढ्या लांबीचा तारेचा तुकडा दाखवून ‘हा पाहा एक नॅनोसेकंद’ असे समजावीत. आता फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला हवी ती जागा शोधायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात. म्हणजे १ कोटी नॅनोसेकंद! रॅमच्या लाखपट. नव्या एसएसडी डिस्कला फिरणारी तबकडी नसते. तिला साधारण १ लाख नॅनोसेकंद लागतात. तरीही रॅमच्या हजारपट झालेच. म्हणून पहिला धडा असा की, ओटा अपुरा असेल तर हात कितीही चपळ असून उपयोग नाही.

थोडा इतिहास

ही स्मृती माणसाने फार कष्टाने मिळवली आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या देशात बांधलेला एक आरंभीचा संगणक १९६० मध्ये कामाला लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झाले. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक बारीक कड्यांची होती. एकेका कडीत एक बिट, म्हणजे एक ‘होय’ किंवा एक ‘नाही’. प्रत्येकी ४० बिटांचे २०४८ शब्द त्यात मावत. आजच्या मापात सांगायचे तर अवघे १० किलोबाइट. आज आपल्या हातातल्या ८ जीबीच्या एका पट्टीत असे ८ लाखांहून अधिक टिफ्रॅक मावतील.

हा बदल शक्य झाला तो आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांच्या कल्पनेने. एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म कपॅसिटर एवढ्यावर एक बिट साठवता येतो हे त्यांनी दाखवले. १९६८ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. १९७० मध्ये इंटेलने १०२४ बिटांची मेमरी चिप बाजारात आणली. हा कपॅसिटर म्हणजे गळका हंडा समजा. त्यात भरलेला विद्युतभार झिरपून जातो, म्हणून सगळे हंडे साधारण दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरून घ्यावे लागतात. वीज तुटली की भरणारे कोणी उरत नाही आणि स्मृती पुसली जाते. ‘सेव्ह’ न केलेला निबंध वीज गेल्यावर का नाहीसा होतो, त्याचे उत्तर या गळक्या हंड्यात आहे.

वेगाचे आकडे कसे वाचावेत?

आता बाजारात गोंधळ करणाऱ्या आकड्यांकडे वळू. घड्याळाला जशी टिकटिक असते तशी मेमरीलाही एक ठोक्याची गती असते, ती मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. पूर्वीची मेमरी दर ठोक्याला एकदा माल देई. पुढे अशी युक्ती निघाली की ठोका चढताना एकदा आणि उतरताना एकदा, असा दोनदा माल द्यायचा. म्हणून तिचे नाव पडले ‘डबल डेटा रेट’, म्हणजेच डीडीआर. तिचे प्रमाण २००० साली ठरले. पुढे २००३ मध्ये डीडीआर २, २००७ मध्ये डीडीआर ३, २०१२ मध्ये डीडीआर ४ आणि २०२० मध्ये डीडीआर ५ अशा पिढ्या ठरत गेल्या.

पट्टीवर ‘डीडीआर ४-२४००’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ ठोके १२०० मेगाहर्ट्झचे आणि माल देणे त्याच्या दुप्पट, सेकंदाला २४०० दशलक्ष वेळा. पुष्कळांना येथे शंका येते. सीपीयू-झेड नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम लावून पाहिला की तो १२०० च्या जवळचा आकडा दाखवतो आणि दुकानदाराने फसवले असे वाटते. फसवलेले नसते. त्या आकड्याला दोनने गुणा, हिशोब जुळेल.

दुसरा आकडा असतो ‘पीसी४-१९२००’ अशा रूपाचा. तोही तोच वेग, वेगळ्या मापात. मेमरीचा रस्ता ६४ बिट, म्हणजे ८ बाइट रुंद असतो. २४०० ला ८ ने गुणा, १९२०० येतात. सेकंदाला इतके मेगाबाइट जास्तीत जास्त वाहून नेता येतात. डीडीआर ३-१६०० चे १२८०० आणि डीडीआर ४-३२०० चे २५६००. सातवीचा विद्यार्थी हा गुणाकार करू शकेल.

तिसरा आकडा म्हणजे ‘सीएल’. मागितल्यापासून माल यायला किती ठोके थांबावे लागते ते हा आकडा सांगतो. कमी सीएल चांगला, असे सरसकट म्हणतात. पण ते अर्धेच खरे आहे. कारण हे ठोके मोजलेले आहेत, वेळ मोजलेली नाही. ठोकाच जलद असेल तर जास्त ठोकेही लवकर संपतात. खरा वेळ काढायचा तर सीएलला २००० ने गुणावे आणि पट्टीच्या वेगाने भागावे. उत्तर नॅनोसेकंदात येते. डीडीआर ३-१६०० चा सीएल ११ असेल तर उत्तर १३.७५. डीडीआर ४-२४०० चा सीएल १७ असेल तर सुमारे १४.२. डीडीआर ५-४८०० चा सीएल ४० असेल तर सुमारे १६.७. पाहा, तीन पिढ्या उलटल्या, तरी पहिला माल हाती यायचा वेळ जवळपास तेवढाच आहे, किंबहुना थोडा वाढलाच आहे. मग नव्या पिढीने मिळवले काय? एका खेपेत येणारा मालाचा लोंढा मोठा झाला. ओट्यापर्यंत हात पोचायला तेवढाच वेळ लागतो, पण हातातली परात मोठी झाली.

यावरून दुसरा धडा घ्यायचा तो असा की, वेगाच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यापूर्वी दोनदा विचार करावा. पत्र लिहिणे, हिशोबाचा तक्ता करणे, इंटरनेटवर धडा पाहणे या कामांत २४०० आणि ३२०० यांतला फरक बहुधा जाणवतही नाही. पण ४ जीबीचे ८ जीबी झाले तर फरक पहिल्याच दिवशी दिसतो. आधी जागा, मग वेग.

शिवाय वेग हा एकट्या पट्टीच्या मर्जीवर नसतो. प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांना झेपेल तेवढाच तो मिळतो. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या साध्या कोअर प्रोसेसरांची डीडीआर ४ साठी अधिकृत मर्यादा २१३३ आहे. त्यात ३२०० ची पट्टी घातली तर ती मुकाट्याने २१३३ ने चालेल. दोन वेगवेगळ्या वेगांच्या पट्ट्या एकत्र लावल्या तर दोन्ही मंद पट्टीच्या चालीने चालतात. दोघे हात धरून चालले की जसे होते तसे. उलट, जलद म्हणून घेतलेल्या काही पट्ट्या सुरुवातीला कमी वेगानेच चालतात. बायोसमध्ये जाऊन ‘एक्सएमपी’ नावाची सोय चालू केल्याखेरीज त्यांचा छापील वेग मिळत नाही.

आणखी एक गोष्ट. बहुतेक डेस्कटॉपमध्ये मेमरीला जायला दोन रस्ते असतात. ८ जीबीची एकच पट्टी लावली तर एकच रस्ता वापरात येतो. ४ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या योग्य जागी लावल्या तर दोन्ही. ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, आणि आपल्या घरांतले बहुतेक संगणक तसेच असतात, तिथे याचा फायदा अधिक होतो.

खरेच रॅम कमी पडते आहे का?

डॉक्टर नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही. आपणही पैसे काढण्यापूर्वी संगणकाची नाडी पाहू. रोजची जी कामे असतील ती सगळी एकदम उघडा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या परफॉर्मन्स या भागात मेमरी आणि डिस्क यांचे आकडे दिसतात.

मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर जाऊन बसली असेल आणि डिस्कही धापा टाकत असेल, तर ओटा अपुरा आहे. रॅम वाढवा. मेमरी ५०-६० टक्क्यांवर निवांत असेल आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांवर अडकली असेल, तर दोष फडताळाचा आहे. रॅम वाढवून काहीच होणार नाही, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घालावी. आणि दोन्ही निवांत असून प्रोसेसरच सतत १०० टक्क्यांवर असेल, तर त्या संगणकाचे वय झाले असे समजावे, किंवा त्यात नको ते प्रोग्राम शिरले आहेत का ते तपासावे. त्याच मेमरीच्या पानावर सध्याचा वेग आणि किती स्लॉट भरलेले आहेत हेही लिहिलेले असते. ते वहीत उतरवून घ्या.

विंडोज ३२ बिटी आहे की ६४ बिटी, हेही पाहा. घरगुती ३२ बिटी विंडोज ४ जीबीपलीकडची मेमरी वापरूच शकत नाही. तिथे ८ जीबी घालणे म्हणजे भरलेल्या हंड्यावर पाणी ओतणे होय.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ जुन्या प्रोसेसरांना अधिकृतपणे स्वीकारत नाही, आणि रॅम वाढवून ही अडचण सुटत नाही. अशा संगणकावर लिनक्स घालण्याचा मार्ग खुला आहे. ते फुकट मिळते आणि अभ्यासाची बहुतेक कामे त्यावर होतात.

विकत घेताना

२०२५ च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव जगभर झपाट्याने चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या प्रचंड केंद्रांनी मेमरीची मागणी वाढवली आणि कारखान्यांचा ओढा तिकडे गेला. त्याची झळ आपल्या घरातल्या संगणकापर्यंत पोचली. अशा दिवसांत माणूस स्वस्ताच्या मागे धावतो, आणि नेमका तिथेच माझ्यासारखा फसतो. म्हणून चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

पहिली, पिढी. डीडीआर ३ च्या जागी डीडीआर ४ चालत नाही, डीडीआर ४ च्या जागी डीडीआर ५ चालत नाही. डीडीआर २ आणि डीडीआर ३ दोन्हींना पिना २४०, डीडीआर ४ आणि डीडीआर ५ दोन्हींना २८८. पण मधली खाच वेगळ्या जागी असते आणि वीजदाबही वेगळा असतो : डीडीआर ३ ला १.५ व्होल्ट, डीडीआर ४ ला १.२, डीडीआर ५ ला १.१. तेव्हा पिना मोजून खरेदी करू नये. मीच ती केली होती.

दुसरी, आकार. डेस्कटॉपची पट्टी लांब असते, लॅपटॉपची आखूड. पण काही छोट्या डबीएवढ्या डेस्कटॉपमध्ये लॅपटॉपची आखूड पट्टी लागते. आधी उघडून पाहा.

तिसरी, जात. डीडीआर ३ च्या लेबलावरच्या आकड्याच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असते. ‘यू’ असेल तर साध्या डेस्कटॉपची, ‘एस’ असेल तर लॅपटॉपची, आणि ‘आर’ असेल तर सर्व्हरची. माझ्या त्या दोन पट्ट्यांवर ‘पीसी३-१०६००आर’ असे स्पष्ट छापलेले होते. एका अक्षराने माझी फजिती केली, आणि अक्षरे वाचायला शिकवणे हाच माझा व्यवसाय!

चौथी, मर्यादा. मदरबोर्डच्या माहितीपत्रकात जास्तीत जास्त किती जीबी चालेल आणि एका स्लॉटमध्ये किती मावेल हे दिलेले असते. ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि शेवटी, पावती घ्या. ‘चालली नाही तर परत घेऊ’ हे शब्द पावतीवर लिहून घ्यायला संकोच करू नका. जुनी पट्टी नमुन्यादाखल बरोबर न्या, म्हणजे बोलण्यात चूक होणार नाही.

बसवताना

हे काम दहा मिनिटांचे आहे आणि त्याला एक स्क्रू ड्रायव्हर पुरतो. संगणक बंद करा, वायर भिंतीतून काढा. नंतर चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलीसुरली वीज निघून जाईल. कॅबिनेटची बाजू उघडा. आतल्या कोणत्याही भागाला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला स्पर्श करा. आपल्या अंगावरची स्थिर वीज चिपला मारक ठरते. नायलॉनचे कपडे घालून आणि सतरंजीवर बसून हे काम करू नये.

स्लॉटच्या टोकाच्या कड्या बाहेर दाबल्या की जुनी पट्टी वर येते. नवी पट्टी कडेने धरा, सोनेरी पिनांना बोट लावू नका. खाच जुळवून पट्टी सरळ उभी ठेवा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्याने सारखा दाब द्या. ‘टक्’ असा आवाज होऊन कड्या आपोआप बंद होतील. खाच जुळत नसेल तर जोर करू नका. ती पट्टी तिथली नव्हे. चार स्लॉट असतील आणि पट्ट्या दोन असतील तर त्या शेजारीशेजारी लावू नयेत, एक सोडून एक लावाव्यात. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजता दुसरा आणि चौथा स्लॉट वापरतात. माहितीपत्रकात खात्री करून घ्या.

सुरू केल्यावर पडदा काळा राहिला किंवा बीप बीप असा आवाज आला तर घाबरू नका. बहुतेक वेळा पट्टी नीट बसलेली नसते. पुन्हा काढा. जुनी पट्टी असेल तर तिच्या पिना कोऱ्या खोडरबरने हळुवार पुसा, चुरा झटका आणि परत बसवा. आपल्याकडचे दुरुस्ती करणारे ही युक्ती वर्षानुवर्षे करीत आले आहेत. तरीही जमले नाही तर एकेक पट्टी वेगवेगळी लावून पाहा, म्हणजे दोष कोणाचा ते कळेल. संगणक सुरू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये नवा आकडा दिसतो का ते पाहा. वापरलेली पट्टी घेतली असेल तर मेमटेस्ट८६ हा फुकट मिळणारा तपासणी प्रोग्राम रात्रभर चालवा. त्यात एकही चूक दिसली तर ती पट्टी परत करा. सदोष मेमरी संगणक बंद पाडते तेवढ्यावर थांबत नाही, कधी कधी तुमच्या कागदपत्रांत न कळत चुका घुसवते.

शेवटी

त्या मुलीच्या संगणकाचे पुढे काय झाले हे सांगायचे राहिले. त्या तंत्रज्ञाने सांगितल्याप्रमाणे आम्ही योग्य पट्टी आणली. मी बसवायला लागलो तेव्हा हात थरथरत होता. तेवढ्यात ती म्हणाली, ‘‘सर, मी लावू का? तुम्ही आणि अब्बा टॉर्च धरा.’’ आम्ही दोघांनी टॉर्च धरला. तिने खाच पाहिली, लेबलावरचे शेवटचे अक्षर मोठ्याने वाचले आणि पट्टी बसवली. ‘टक्’ आवाज झाला. संगणक सुरू झाला तेव्हा तिचे वडील पडद्याकडे पाहत नव्हते, तिच्या हातांकडे पाहत होते.

मी तेव्हा एक गोष्ट मनाशी ठरवली. आमच्या संगणक कक्षात उघडझाप करायची वेळ आली की स्क्रू ड्रायव्हर नेहमी मुलांच्याच हाती जाई. मुली मागे उभ्या राहून पाहत. तो रिवाज आता मोडला आहे. सातवीपासून पुढची प्रत्येक मुलगी वर्षातून एकदा तरी संगणक उघडते, मेमरीची पट्टी काढते, लेबल वाचून गुणाकार करते आणि पट्टी परत बसवते. त्या कक्षातले काही संगणक मोडीत काढायच्या यादीत होते. ज्यांची नाडी पाहून उपाय होण्यासारखा होता ते आज चालू आहेत, आणि ज्यांचा इलाज नव्हता ते सुटे करून शिकवण्यासाठी टेबलावर मांडले आहेत. एकही फुकट गेला नाही.

पालकहो, दुकानदार ‘नवा घ्या’ म्हणेल तेव्हा तो दर वेळी खोटेच बोलतो असे नाही. कधी कधी नवा घेणेच शहाणपणाचे असते. पण तो निर्णय तुमचा असावा, आणि समजून घेतलेला असावा. टास्क मॅनेजर उघडा, चार आकडे वहीत लिहा, मगच बाजाराची वाट धरा. आणि घरात शिकणारी मुलगी असेल तर तिला बरोबर घेऊन जा. लेबल तिला वाचू द्या.

माझ्या बोलण्यात काही उणे राहिले असेल तर जाणकारांनी सांभाळून घ्यावे, आणि चूक आढळली तर जरूर कळवावी. शिक्षकाला दुरुस्त होण्याची लाज नसावी, हे मला एका शिलाईकाम करणाऱ्या गृहस्थाने शिकवले आहे.